ओट्यावरच्या बाया

लिंबायतच्या आमच्या घराला अंगण नव्हतं, ओटा होता. बाबा आणि काका अमळनेरकडून तापी लाइनच्या गाडीनं सुरतेला आले, लूमच्या कारखान्यात लागले, आणि मागोमाग माय, मोठी काकू, धाकटी काकू आल्या. दुपारी मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे. बाया ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या लावायच्या, लेस शिवायच्या, लोंबते धागे कापायच्या. हात चालायचे तशी तोंडंही चालायची. आम्ही बहिणी-चुलतबहिणी शाळेतून आलो की त्यांच्यातच बसायचो. कोणाची मुलगी माहेरी परत आली, कोणाला तिसरीही मुलगीच झाली, कोणाच्या सुनेच्या अंगावर स्टोव्ह भडकला. स्टोव्ह दरवेळी सुनेच्याच अंगावर कसा भडकतो, असं आक्कानं एकदा विचारलं. मायनं तिच्या हातात कात्री दिली आणि म्हणाली, धागे काप.

त्या बायांना कळत नव्हतं असं आम्हांला कधीच वाटलं नाही. सगळं कळत होतं. पण ओट्यावरची गोष्ट ओट्यावरच राहायची. शेजारच्या गल्लीतली बाई तेच भोगते आहे हे माहीत असूनही प्रत्येकीला ते आपल्या एकटीचं नशीब वाटायचं. सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ कलम १९८३ साली आलं, पण आमच्या ओट्यावर त्याचं नाव ऐकायला बरीच वर्षं जावी लागली.

बाहेरचं वारं घरात आणायची ती आत्या. ती पुण्याला दिलेली. विद्या बाळ यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं, तेव्हापासून मे महिन्यात येताना तिच्या पिशवीत आमच्यासाठी जुने अंक असायचे. मोठ्या काकूला वाचता येत नव्हतं, म्हणून आक्का मोठ्यानं वाचायची आणि पुरुष घरी आले की अंक गादीखाली जायचे. मथुरा नावाच्या मुलीची हकीकतही आम्ही आत्याच्याच तोंडून ऐकली. चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, १९७२ साली पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. मग १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते वर्तमानपत्रांतून आणि हातोहाती देशभर फिरलं, १९८० मध्ये शहराशहरांतून बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. एका पत्रानं एवढं होऊ शकतं, हे ऐकून आम्ही मुली रात्रभर बोलत राहिलो होतो.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती ताराबाई शिंदे, कारण तिची गोष्ट आमच्या सुरतेतून सुरू होते. १८८१ साली इथल्या न्यायालयानं विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या अनौरस मुलाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. पुढे ती शिक्षा कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्याचा पंचनामा झाला होता. ‘पुणे वैभव’नंही हात धुऊन घेतले. बुलढाण्याला बसून ताराबाईनं ते वाचलं आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्या विधवेला ती कधी भेटलीही नसेल. विधवेला पुन्हा लग्न करू न देणारे, तिला फसवून नामानिराळे राहणारे पुरुष कुठं आहेत, हा तिचा सवाल होता. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली, बाकीच्यांनी तिला गप्प केलं. तिचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हेही पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणेपर्यंत विस्मरणात होतं. आज एखादी मुलगी दूरच्या शहरातल्या अनोळखी मुलीसाठी फोनवर पोटतिडकीनं लिहिते, आणि खाली शेकडो लोक तिलाच शिव्या घालतात, तेव्हा आम्हांला ताराबाई आठवते. त्या पोरीला आम्ही उथळ म्हणू शकत नाही.

आमच्या बहिणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला तेव्हा त्यात पहिली काही वर्षं देवांचे फोटो आणि लग्नांचे मुहूर्त होते. २०१८ च्या ऑक्टोबरात मी-टूची लाट आली. अभिनेत्री तनुश्री दत्ता २००८ मध्ये आपल्या छळाबद्दल बोलली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. दहा वर्षांनी तेच बोलली तर देश ऐकत होता. आमच्या लेकी त्यावर भांडत होत्या, आम्ही नुसत्या वाचत होतो. सिनेमातल्या लोकांच्या गोष्टी, आपला काय संबंध, असं आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्याही.

मग २०२० चा फेब्रुवारी आला. भूजच्या वसतिगृहात पाळी तपासण्यासाठी मुलींचे कपडे उतरवल्याची बातमी ताजी असतानाच सुरतेची बातमी आली. महापालिकेच्या प्रशिक्षणार्थी महिला कारकुनांना वैद्यकीय तपासणीत एकत्र विवस्त्र उभं केल्याची, अविवाहित मुलींनाही गरोदरपणाचे प्रश्न विचारल्याची तक्रार झाली. पालिकेनं चौकशी समिती नेमली, राष्ट्रीय महिला आयोगानं दखल घेतली. आक्काच्या धाकट्या लेकीनं ती बातमी ग्रुपवर टाकली. दिवसभर कुणीच काही लिहिलं नाही. रात्री मोठ्या काकूचा व्हॉइस मेसेज आला, अहिराणीत. नातवानं तिला माइकचं बटण दाबून धरायला शिकवलं होतं. ‘मना संगे बी असंच व्हयनं व्हतं. मी कोनले सांगं नही.’ मागं मिक्सरचा आवाज येत होता. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात तिच्याशी काय वागले, काय बोलले, ते तिनं सगळं सांगितलं. त्यानंतर धाकटी काकू, मग मामी, मग माय. ज्या ओट्यावर आयुष्य गेलं तिथं एकमेकींच्या शेजारी बसून जे बोलल्या नाहीत, ते त्या रात्री बोलल्या. बघणाऱ्या डोळ्यांची लाज असते. फोनला ती लाज नव्हती.

हा फोन सगळा चांगलाच आहे असं आम्ही म्हणणार नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत सुरतेजवळच्या पासोदरात एका मुलीचा भर रस्त्यात गळा चिरला, आणि तिच्या मरणाचा व्हिडिओ ग्रुपाग्रुपांतून धावला. आरोपीला मे महिन्यात फाशीची शिक्षा सुनावली गेली, पण तो व्हिडिओ अजूनही कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे. आमच्याही ग्रुपवर तो आला होता. आक्कानं जिनं टाकला तिला रात्रीच फोन करून काढायला लावला. पोरीचं मरण बघायची गरज नाही, तिला त्रास होत होता तेव्हा कोणी बघितलं ते विचारा, असं ती म्हणाली. आणि ज्या बाया आजही घरी बसून साड्यांना स्टोन लावतात, त्यांतल्या कितीतरी जणींचा फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. बायांसाठीची १८१ अभयम हेल्पलाइन गुजरातभर आहे, पण नंबर लावायचा तोही त्याच फोनवरून. हॅशटॅग त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तिथं अजून आक्काच लागते, दार वाजवणारी.

आक्काची धाकटी आता सुरतेतल्या मराठी बायांच्या गोष्टी इन्स्टाग्रामवर अहिराणीत मांडते. मोठ्या काकूचा तो मेसेज लावू का, नाव काढून टाकते, असं तिनं विचारलं. काकू म्हणाली, ‘नाव ऱ्हाऊ दे.’ काकूचा मुलगा चिडला आहे, सून सासूच्या बाजूनं उभी आहे, आणि घरात रोज वाद चालू आहे. काकू मात्र ठाम आहे. मजकूर लिहून तयार आहे. नाव माहेरचं लावायचं की सासरचं, एवढंच तिचं अजून ठरायचं आहे.