पाहुण्यांची रात्र
(द्वितीय वर्ष, कला)

पनवेलला मुक्कामासाठी असं कुणी येत नाही. पुण्याला जाणारा थांबतो, गोव्याला जाणारा थांबतो, अलिबागला जाणारा तर हटकून थांबतो. चहा पितो, वडा खातो, पाय मोकळे करतो आणि निघून जातो. हे काही आजचं नाही. रेल्वे यायच्या आधी मुंबईचा माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि इथून पुढे पुण्याची वाट धरी. १८३० साली बोरघाटातला रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. पुढे रेल्वे कल्याण-कर्जतवरून घाट चढली आणि पनवेल काही काळ आडबाजूला पडलं. मोटारींनी त्याला पुन्हा रस्त्यावर आणून बसवलं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, त्यावर खाण्यापिण्याची स्वतंत्र ठिकाणं झाली, तरी पळस्पे फाट्याची गर्दी काही हटली नाही. पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता तिथेच एकमेकांचा निरोप घेतात. निरोप घेताना माणसाला भूक लागते, असं आमचे एक सर वर्गात म्हणाले होते. ते खरं असावं.

यंदा आमच्या भूगोल विभागाने पनवेल परिसराची एक माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आता देशोदेशींचे पाहुणे येणार, त्यांना गावाची ओळख हवी, हा उद्देश. कुणाकडे कर्नाळ्याचे पक्षी आले, कुणाकडे किल्ला आला. माझ्या वाट्याला आलं ते ‘बाहेरचं खाणं व रात्रीची करमणूक’. वर्गात थोडा हशा झाला. पनवेल आणि रात्रीची करमणूक हे शब्द शेजारी शेजारी आले की आमच्याकडे हशा होतोच. का होतो, ते पुढे येईल.

नमुना म्हणून सरांनी ग्रंथालयातलं केनिया देशाचं एक प्रवासी-मार्गदर्शक माझ्या हाती दिलं. इंग्रजी पुस्तक, शब्दकोश घेऊन वाचावं लागलं. पण वाचताना मजा आली. तिकडे ‘न्यामा चोमा’ नावाचा प्रकार आहे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं बोकडाचं नाहीतर गाईबैलाचं मांस. त्याच्याबरोबर मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्याला ‘उगाली’ म्हणतात. आणि तोंडी लावायला काय, तर ‘कचुंबारी’! कांदा, टोमॅटो, मिरची. आपलंच कचुंबर समुद्र ओलांडून गेलेलं. चपातीही तिकडे ‘चपाती’च आहे. मला सगळ्यांत आवडलं ते हे की न्यामा चोमा खायला नैरोबीतली माणसं स्वतःच रविवारी मुलाबाळांना घेऊन जातात. पाहुणा त्यांच्या शेजारच्या बाकावर बसतो, इतकंच. त्याच पुस्तकात पाहुण्याला बजावलेलं होतं, की रात्री शहरात पायी फिरू नका, माहितीतल्या गाडीवाल्याला बोलवा. हे वाक्य वाचलं आणि माझं पुस्तकातलं लक्ष उडालं. कारण माझी आई रात्री साडेबाराला हायवेवर उभी असते.

माझी आई पळस्प्याच्या पुढच्या एका हॉटेलात भाकऱ्या करते. त्या हॉटेलचं नाव इथे देत नाही, ती नोकरी अजून चालू आहे. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करत होते. चार वर्षांपूर्वी त्यांची पाठ गेली आणि आई कामाला लागली. तेव्हा मी दहावीत होते. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि ती पायरी भाकरीच्या पिठाची आहे हे मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हायवेला ‘अस्सल आगरी-कोळी चव’ अशा पाट्या पुष्कळ झाल्या. ‘घरगुती’ हा शब्द तर पाटीवर असायलाच हवा. पूर्वी थांबणारा माणूस मिसळ, वडा, थालीपीठ, पियुष यावर खूश असे, आणि पळस्प्याच्या दत्त स्नॅक्सचं नाव तर मुंबई-पुण्याच्या माणसांना मी सांगायला नको. आता त्याला थाळी लागते. तळलेली सुरमई, बोंबील, कोलंबीचं कालवण, सुका जवळा, सोलकढी आणि तांदळाची भाकरी. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ आणि गरम हवी. ती पुन्हा पुन्हा मागवली जाते.

आता ही भाकरी कशी होते ते सांगते, कारण आमच्या पुस्तिकेत ते मावणार नाही. पाण्याला उकळी आणायची, मीठ घालायचं, त्यात तांदळाचं पीठ सोडून झाकण ठेवायचं. ही उकड. ती निवू द्यायची नाही, कडकडीत असतानाच मळायची. निवली की भाकरीच्या कडा चिरतात. मग परातीत पाण्याचा हात लावत थापायची. घरी आम्ही आठ-दहा भाकऱ्या करतो. आई आणि तिच्या जोडीची बाई मिळून शनिवारी रात्री अडीचशेच्या वर करतात. चार चुली, पत्र्याचं छप्पर, आणि खिडकी अशी की तिच्यातून ताटं तेवढी जातात. आईच्या तळहातांना आता चटका समजत नाही. लहान असताना ताप आहे का ते ती कपाळाला हात लावून सांगायची. हल्ली ती माझ्या कपाळाला मनगटाची आतली बाजू लावते.

पाटीवरच्या ‘घरगुती’ शब्दाबद्दल मी तिला एकदा विचारलं. ती हसली. म्हणाली, “घरान कवा खाल्ली गो सुरमय?” तेही खरंच. आमच्या घरचं रोजचं म्हणजे सुकटीचं कालवण आणि भात. सुरमईचा भाव विचारून पुढे जायचं असतं.

हॉटेलात आईला जेवण मिळतं, पण ते भटारखान्याच्या मागे, अकरा वाजता, उभ्या उभ्या. पुढच्या दालनात ती चार वर्षांत एकदाही टेबलाशी बसलेली नाही. यात हॉटेलवाल्याचा काही विशेष दुष्टावा आहे असं मी म्हणत नाही. तशी रीतच आहे. पण नैरोबीच्या त्या बाकांचं वाचलं तेव्हा ही रीत मला टोचली.

आता हशाचं सांगते.

पनवेलची रात्र म्हटलं की महाराष्ट्राला डान्सबार आठवतो. मार्च २००५ मध्ये विधानसभेत या बारांचा प्रश्न लक्षवेधी सूचनेने मांडला तो पनवेलचेच शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी, आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा अमलात आला. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. गंमत अशी की तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना त्यातून सूट होती. म्हणजे नाच वाईट नव्हता, स्वस्त नाच वाईट होता! एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मग २०१४ मध्ये पुन्हा कायदा, २०१६ मध्ये आणखी एक, आणि १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या पुष्कळ अटी सैल केल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ मात्र ठेवली. इतकी वर्षं सरकार, वकील आणि न्यायाधीश या एका विषयावर खपले. नाचणाऱ्या बायकांचं त्या वर्षांत काय झालं, त्या कुठे गेल्या, याची चौकशी आमच्या गावात तरी कुणी केलेली मी ऐकली नाही. गावाने फक्त एक गोष्ट लक्षात ठेवली : हायवे, रात्र आणि बाई हे तीन शब्द एकत्र आले की चौथा शब्द उच्चारायची गरज नसते.

तो न उच्चारलेला शब्द गेल्या मार्गशीर्षात आमच्या ओटीवर येऊन बसला. माझ्या मोठ्या बहिणीला पाहायला पेणच्या बाजूची मंडळी आली होती. मुलगा चांगला, कंपनीत कायम झालेला. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे मामा कपबशी खाली ठेवत म्हणाले, “मुलीची आई रात्रपाळीला हायवेला असते, असं ऐकलं.” त्यांनी वाईट स्वरात विचारलं नाही. फक्त ‘हायवेला’ म्हणाले, ‘हॉटेलात’ म्हणाले नाहीत. बाबा जमिनीकडे बघत राहिले. दादूस उठून आत गेला. आई दारात उभी होती, तिने पदर सारखा केला.

बोलली ती बहीण. पाहायला आलेल्या मंडळींसमोर मुलीने बोलायचं नसतं. ती म्हणाली, “मामा, तुमी हॉटेलान जेवता ना? ते जेवन कोनतरी बनवतं. आमची आय बनवते.”

मामा म्हणाले, “बरोबर आहे.” मग सगळे बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मार्गशीर्षात!

त्यानंतर चार दिवस घरात एकच विषय. दादूस म्हणाला, लग्न होईपर्यंत तरी आईने काम सोडावं. बाबांना काही म्हणताच येत नव्हतं, कारण महिन्याचे बारा हजार तिथूनच येतात. मी मोठ्या ऐटीत ग्रंथालयात गेले. राज्यशास्त्राच्या बाईंनी मला २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा काढून दाखवला. त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे, की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायला वाहन हवं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि आईला वाचून दाखवलं. आतापर्यंत ती दादूसच्या मोटारसायकलवरून येते, आणि त्याला उशीर झाला तर फाट्यावर ट्रकांच्या उजेडात उभी राहते. म्हटलं, मालकाला सांग, कायद्याने गाडी द्यायला लागते.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गारी दारान आली का आखा गाव उठून बघल.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कायदा करणाऱ्यांनी बाईच्या दारापर्यंतचा विचार केला होता. दारासमोरच्या ओट्यांवर कोण बसलेलं असतं, ते कुठल्या कलमात लिहिणार? हॉटेलची पाटी लावलेली गाडी रात्री एक वाजता आमच्या आळीत थांबली, की दुसऱ्या दिवशी नळावर काय बोललं जाईल ते मलाही समजत होतं. भावाच्या मागे बसून आलेली बाई कामावरून येते, मालकाच्या गाडीतून उतरलेली कुठून येते ते लोक ठरवतात.

पुस्तिकेसाठी रात्रीचा मजकूर मात्र द्यायचाच होता. मी पोपटीबद्दल लिहिलं. आमच्या भागात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब आत घालायचा नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की उतरवायचं. ही आमची रात्रीची करमणूक. तिला परवाना लागत नाही आणि तिथे आई, काकी, आत्या सगळ्या असतात. जाळाभोवती बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही की ती इतक्या रात्री बाहेर का आहे.

आता फार्महाउसवालेही मुंबईच्या पाहुण्यांसाठी पोपटी लावतात. माणशी पैसे घेतात, वर गाणीही असतात. मला त्याचा राग नाही. आमच्या शेजारच्या काकींना तिथे पोपटी लावण्याचे पैसे मिळतात. फक्त त्या पोपटी लावून घरी येतात, खायला थांबत नाहीत.

सरांना मजकूर पसंत पडला. भाकरीची कृती लांब होते म्हणून त्यांनी काढली, ते अपेक्षितच होतं. “पाहुण्यांनी रात्री पायी फिरू नये” हे वाक्य मी घातलं नव्हतं. त्यांनी ते घालायला सांगितलं आणि मी घातलं.

पेणच्या मंडळींचा निरोप अजून आलेला नाही. मध्यस्थ म्हणतात, नाही म्हणाले नाहीत, म्हणजे विचार चाललाय. बहीण म्हणते, चालू दे. आईने काम सोडलेलं नाही. आज शनिवार आहे. ती दुपारी दोन तास झोपली, आता पाचच्या सुमारास वेणी घालते आहे. गिरणीतून पीठ आलं का म्हणून हॉटेलातून दोनदा फोन येऊन गेला. दादूसची आज दुसरी पाळी आहे, म्हणून रात्री तिला आणायला मी जाणार आहे. गाडी चालवायला मी याच महिन्यात शिकले.