गाबोळीतला आईचा ठेवा

बाजारातून बोय आणली आणि पोटात गाबोळी निघाली की आमच्या घरी मुलांची भांडणे ठरलेली. हळद-तिखट लावून तव्यावर परतलेली गाबोळी सिडनीतही तितकीच रुचकर लागते. पण त्या एकेका दाण्यात काय भरलेले असते ते निवृत्तीनंतर वाचायला मिळाले आणि बाळंतिणींच्या वॉर्डात जन्म गेलेल्या मला त्याचे फार अप्रूप वाटले.

शास्त्रज्ञांचा आवडता मासा झेब्राफिश, दोन पेरांएवढा, निळ्या पट्ट्यांचा. तोही आपल्यासारखाच भारतातून इकडे आलेला! हॅमिल्टनसाहेबांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. आज मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तो टाक्यांतून वाढवतात.

त्याचे अंडे फळल्यावर पहिले सुमारे तीन तास गर्भाची स्वतःची जनुके जवळजवळ गप्प असतात. सारा कारभार आईने आधीच अंड्यात ठेवलेल्या आरएनएच्या चिठ्ठ्यांवर चालतो. नुसत्या चिठ्ठ्या ठेवून भागत नाही. त्यांना धरून ठेवणारी प्रथिने असतात. कोणती चिठ्ठी जपायची, कोठे न्यायची, केव्हा उघडायची हे त्यांच्या हाती. औषधांच्या कपाटाची किल्ली सांभाळणारी सिस्टरच म्हणा ना! कच्च्या अंड्यात हा ऐवज एका गोळ्यात जमतो, त्याला बाल्बियानी बॉडी म्हणतात. बकी बॉल नावाचे प्रथिन नसेल तर हा गोळा बनतच नाही, अंड्याला वरची-खालची बाजू राहत नाही आणि गर्भ वाढत नाही. मादी मात्र दिसायला धडधाकट. आरएनए धरणारे आणखी एक प्रथिन आहे, आरबीपीएमएस-२. त्याची दोन्ही जनुके बिघडली तर अंडाशय घडत नाही, सगळे मासे नर होतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

माझ्या मनात घर केले ते त्या धडधाकट मादीने. मुंबईत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोट गेलेल्या किती सुना पाहिल्या. सासू खाटेशी उभी राहून विचारी, "बादली उचललीस? पपई खाल्लीस?" सून भिंतीकडे तोंड फिरवी. माशाचा नियम माणसाला जसाच्या तसा लागत नाही, हे कबूल. पण आपल्या गर्भाचेही पहिले दोन-तीन दिवस आईच्याच ठेव्यावर जातात, आणि लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी बऱ्याच ठिकाणी बिघाड गुणसूत्रांत, अगदी आरंभीच झालेला असतो. त्यात बादलीचा काय संबंध?

गेल्या वर्षी इथल्या शेजारणीच्या लेकीवर तोच प्रसंग आला. "मावशी, माझं काही चुकलं का हो?" तिने विचारले. मी तिला अर्धा तास माशाच्या अंड्याविषयी सांगत बसले. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी?"

"आधी डॉक्टरांना भेटू," मी म्हटले. "मी येते बरोबर."