न्हाणीघरातली डार्करूम

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तो राहत्या घराचाच कारखाना करून. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाईंचा हात होता. तेव्हा वाशिंदच्या आमच्या चार बाय पाच फुटांच्या न्हाणीघरात डार्करूम मांडताना मला परंपरेचा आधार होता, असे म्हणायला हरकत नसावी. अडचण होती ती आकाराची. मला १६ बाय २० इंचांची प्रत हवी होती.

बाबा हौशी छायाचित्रकार. त्यांनी साऱ्या गोतावळ्याची छायाचित्रे काढली. त्यांचे स्वतःचे मात्र एकच, तेही आईने काढलेले. आईच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग आता झिजला आहे. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीत तिला बाबा दिसत नाहीत. स्कॅन करून मोठी प्रत दुकानात सहज मिळते, हे मान्य. पण बाबांचा एन्लार्जर माळ्यावर होता, आणि आईची ही एकमेव निगेटिव्ह त्यांनी कधी मोठी केली नव्हती.

३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून ही प्रत करायची तर प्रतिमा सुमारे सतरा पटींनी वाढवावी लागते. ५० मिलिमीटरचे भिंग कागदापासून जवळजवळ तीन फूट वर न्यावे लागते. बाबांच्या यंत्राचा खांब तेवढा उंच नाही. म्हणून यंत्र स्टुलावर चढवले, डोके मागे फिरवले, तोल जाऊ नये म्हणून तळफळीवर विटा ठेवल्या आणि प्रतिमा थेट फरशीवर पाडली. अंतर वाढले की उजेड विरळ होतो. ८ बाय १०च्या प्रतीला लागणाऱ्या वेळाच्या साडेतीनपटीहून थोडा अधिक वेळ द्यावा लागला, म्हणजे चाळीस सेकंद. घर रुळांजवळ. कसाऱ्याच्या दिशेने मालगाडी निघाली की फरशीवरचे बाबा थरथरू लागतात. लोकलच्या वेळा मला पाठ आहेत. मालगाडीचे काय करणार? कान देऊन बसायचे.

तीन मोठे ट्रे मांडायला जागा नव्हतीच. सांडपाण्याचा सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून, टोके बंद करून पन्हळी केल्या. कागद गुंडाळत-उलगडत त्यांतून फिरवायचा. दीड लिटर डेव्हलपर पुरतो. तो २० अंशांवर हवा, म्हणून मे महिना सोडून जानेवारीची रात्र निवडली. कागद प्लॅस्टिकचा थर असलेला घेतला. साधा जाड कागद तासभर धुवावा लागतो, आणि आमच्या नळाला तेवढा वेळ पाणी नसते.

दाराच्या फटी काळ्या कापडाने बुजवल्या होत्या. तरी पाच मिनिटे अंधारात बसल्यावर आणखी दोन दिसल्या.

वाळलेली प्रत आईने खिडकीपाशी नेली, मान तिरपी करून बराच वेळ न्याहाळली. मग उजव्या कोपऱ्यातल्या धूसर डागावर बोट ठेवून म्हणाली, “ह्यांना सांगितलं होतं मी, हात हलवू नका म्हणून.”