हलका हात

गेल्या वैशाखातली गोष्ट. वर्ध्यालगतच्या नालवाडीत आमचे वास्तव्य. आवारात कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा सुट्टीत आमची गडद निळी मोटार धूत असे. एके सकाळी त्याने ती धुऊन कोरडी केली आणि मोठ्या हौसेने आम्हांला बोलावले. उन्हात पाहतो तो टपावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे! आमचा तोल गेला. चारचौघांदेखत आम्ही त्याला नको ते बोललो. फडके दोरीवर टाकून तो मुकाट्याने निघून गेला.

सायंकाळी ते फडके हाती घेतले, तेव्हा बोटांना बारीक कच लागली.

मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. रस्त्यावरच्या धुळीतले गारेचे कण मात्र साध्या पोलादाहूनही कठीण. ओरखडा काढतो तो फडक्याखाली अडकलेला कण. आणि त्याला बळ देतो तो आपला हात.

म्हणून गाडी सावलीत धुवावी. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात थेंब जागीच सुकतात आणि क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. धूळ पुरती निघाल्यावर नळीची धार संथ करून टपावरून पाणी सोडावे. ते घसरताना पुष्कळसे थेंब सोबत नेते. उरलेले पाणी मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने टिपावे: पसरावे, क्षणभर थांबावे, उचलावे. वरून खाली यावे. चाकांजवळच्या भागास निराळे फडके घ्यावे. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याखेरीज गाडीला लावू नये.

याच नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय उभे केले. आपल्या मरणाने मेलेल्या जनावरांचीच कातडी तेथे कमावीत. कातडे सोलताना सुरीचा एक चुकीचा घाव बसला, तरी त्याची किंमत उतरते. त्या कारागिरांना जे ठाऊक होते, ते आम्हांला ओरखड्यांनी शिकवले: पातळ वस्तूवर जोर चालत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. ‘‘बाळा, इतका जोर का लावलास?’’ आम्ही विचारले.

खाली पाहत तो म्हणाला, ‘‘फादर, तुम्हीच तं म्हटलं होतं, एकही डाग राहाले नाही पाहिजे, रगडून पूस म्हणून.’’

आम्हांला ते शब्द आठवले. त्याच्या आईसमोरच आम्ही त्याची क्षमा मागितली. बोललो होतो चारचौघांत. म्हणून रविवारी चारचौघांतही मागितली.

आता आम्ही दोघे मिळून गाडी टिपतो. पॉलिश केल्यास ओरखडे जातील, असे कारागीर म्हणतो. पण पॉलिश करणे म्हणजे उरलेला लेप आणखी झिजवणे. आम्ही ते तसेच ठेवले आहेत. सकाळच्या उन्हात ते दिसतात आणि हात आपोआप हलका होतो.