व्यत्यय कोठून येतो?

हिवाळ्यात ओहोटी लागली की रायगडच्या किनाऱ्यावरील वाळू घट्ट व सपाट होते. दूरनियंत्रणाने उडणारे छोटे विमान उतरवण्यास याहून चांगली धावपट्टी सहसा मिळत नाही. अशा विमानाचे वजन दोन-तीन किलो असू शकते, त्याचा पंखा मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेतो आणि जमिनीवरील माणसाशी त्याचे नाते केवळ रेडिओलहरींचे असते. तेवढे तुटले तर त्याच वाळूवर जाळी सुकवणारी माणसे, धावणारी मुले आणि थव्याने उतरलेले कुरव पक्षी यांपैकी कोणाच्याही अंगावर ते येऊ शकते. विमान कोसळले की उडवणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘इंटरफिअरन्स’. दुसऱ्या कोणाच्या तरी लहरींनी घात केला, असा त्याचा अर्थ.

हे कारण एके काळी खोटे नव्हते. जुन्या संचात क्रिस्टलने ठरवून दिलेली एकच फ्रिक्वेन्सी असे. त्याच फ्रिक्वेन्सीवर शेजारी दुसऱ्याने ट्रान्समीटर चालू केला, तर आपला मालक कोणता हे रिसीव्हरला कळत नसे आणि क्षणात विमान हातचे जाई. म्हणून क्लबांच्या मैदानावर एक फळी असे व तिला प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा चिमटा लावलेला असे. चिमटा ज्याच्या हाती, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. इतकी साधी ही शिस्त होती, पण तिने पुष्कळ विमाने वाचवली.

पुढे ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. हेडी लामार ही चित्रपट अभिनेत्री आणि जॉर्ज अँथिल हा संगीतकार यांना १९४२ मध्ये एक पेटंट मिळाले होते. पाणतीराला आज्ञा देणारी लहर एका फ्रिक्वेन्सीवर न थांबता ८८ फ्रिक्वेन्सींवर उड्या मारत राहील, म्हणजे शत्रूला ती अडवता येणार नाही, अशी त्यांची कल्पना होती. पियानोच्या पट्ट्याही ८८च असतात. आज २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे बहुतेक संच अशाच उड्या मारतात, आणि रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरची सांकेतिक ओळख पटल्याखेरीज कोणाचेही ऐकत नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथ यांच्या गर्दीतही ही विमाने सुखाने उडतात.

तरीही ती पडतात. त्यांची पेटी उघडून पाहिली, तर कारण अनेकदा आतच सापडते. शेपटीचे व पंखांचे सर्व्हो एकदम जोर लावतात, अर्धवट उतरलेल्या बॅटरीचा दाब घसरतो आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तो एक क्षण पुरेसा असतो. खाऱ्या हवेने जोडणीच्या तांब्यावर हिरवा गंज चढलेला असतो. दोन ॲन्टेना एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, त्या एकाच दिशेला चिकटवलेल्या असतात किंवा कार्बन फायबरच्या आड दडलेल्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाणीच आहे. उडवणाऱ्याच्या पुढ्यात कौतुकाने उभे राहिलेले नातेवाईकही त्यामुळे अडथळा ठरतात.

स्वाध्यायाला बसणाऱ्या श्रावकाला निमित्त व उपादान हे शब्द नवे नाहीत. कार्य घडताना बाहेरचे निमित्त उपस्थित असते, परंतु कार्यरूप होते ते उपादान. कोसळलेल्या विमानापाशी उभा राहून आकाशाकडे बोट दाखवणारा सगळा भार निमित्तावर टाकून मोकळा होतो, आणि तीच सैल जोडणी पुढच्या उड्डाणालाही सोबत घेऊन जातो. मात्र निमित्त काहीच नसते असे म्हणणे हाही एकांतच होय.

याची साक्ष याच किनाऱ्यावर, अलिबागेत, आजही उभी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. १८५९ चे प्रचंड चुंबकीय वादळ तिथे नोंदले गेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे घाटू लागले. रुळांतून परतणारी वीज जमिनीत पाझरते व तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यामुळे नाजूक उपकरणांना पृथ्वीपेक्षा ट्रामच अधिक ऐकू आली असती. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी शहराशी वाद घालण्यापेक्षा उपकरणे हलवणे पसंत केले. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग त्यांनी निवडले. कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच आली, असे गमतीने म्हणता येईल.

मूस यांची खरी थोरवी त्यापुढे दिसते. ट्रामपासून दूर जाऊन ते स्वस्थ बसले नाहीत. कोकणातील काळा दगड स्वतःच चुंबकीय असतो, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणवला गेला. लोखंड वर्ज्य करून तांब्या-पितळेचे सामान वापरले गेले. शहराचा व्यत्यय टाळण्यासाठी आलेल्या वास्तूने स्वतःच व्यत्यय होऊ नये, ही त्यामागची दक्षता. आणि नव्या जागेवर लगेच विश्वासही टाकला गेला नाही. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या गेल्या. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा अलिबागचे काम निर्वेध चालू होते. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून संस्थेचे मुख्यालय याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

विमान उडवणाऱ्याची दक्षताही याच जातीची असते. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून तो विमानापासून तीसेक पावले दूर चालत जातो आणि आज्ञा तिथूनही पोहोचतात का ते पाहतो. संपर्क तुटलाच तर विमानाने काय करावे, हे तो जमिनीवरच ठरवून ठेवतो. त्याला फेलसेफ म्हणतात. काही संचांत मूळची मांडणी शेवटची आज्ञाच पाळत राहण्याची असते. म्हणजे मोटर पूर्ण वेगात असताना संपर्क गेला, तर विमान त्याच वेगाने गर्दीकडे जाऊ शकते. ती बदलून मोटर बंद व्हावी अशी करून घ्यावी लागते. मोहाचा क्षण येण्याआधीच घेतलेल्या प्रत्याख्यानाची येथे आठवण होते. ऐन प्रसंगी निर्णय घेण्याची शक्ती विमानात नसते, पुष्कळदा माणसातही नसते.

हे सारे किनाऱ्यावर पाचेक मिनिटांचे काम आहे. विमान घट्ट धरून ठेवायचे, पंख्यासमोर कोणी नाही याची खात्री करून मोटर संथ फिरवायची आणि हातातला ट्रान्समीटर सरळ बंद करायचा. पंखा लगेच थांबला, तर वाळूवरचे कुरव उठून जाईपर्यंत वाट पाहायची आणि मग विमान सोडायचे. थांबला नाही, तर त्या दिवशी विमान पेटीत परत जाते, मुलांनी कितीही हट्ट धरला तरी.