दुधाचे दात आणि मधाची बाटली



मागच्या महिन्यात आमच्याकडे एका घरी नवसाचा मलिदा होता. एलियाहू हन्नाबीचे गीत झाले, ताट वाटले गेले, बायका गप्पा मारत बसल्या. माझ्या शेजारी एक तरुण आई बसली होती. मांडीवर तिचे दोन वर्षांचे बाळ झोपलेले, तोंडात बाटली, आणि बाटलीत लाल पेतेलचे गोड सरबत. मला राहवले नाही. मी म्हटले, "बाळा, झोपला ना तो, बाटली काढ तोंडातून." ती हसली. "असू दे हो आंटी, दुधाचेच तर दात आहेत. पडणारच आहेत ना!"

हेच वाक्य मी स्वतः एकदा म्हटले होते. त्याचे काय झाले ते आज सांगते. माझी चूक आहे, म्हणून सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या आजी-आजोबांना उपयोग होईल.

माझे लहानपण अलिबागच्या इस्राएल आळीत गेले. तिथे दात घासायला राखुंडी, नाहीतर मीठ. म्हाताऱ्या बायका मिश्री लावत. दात दुखला तर लवंग धरायची, त्यानेही भागले नाही तर दात उपटून मोकळे व्हायचे. दाताच्या डॉक्टरकडे माणूस जायचा तो दात काढायलाच. लहान मुलाला दुखत नसताना नुसते दाखवायला न्यायचे, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. १९७० साली मी दिमोनाला आले ती याच समजुती बरोबर घेऊन. चाळिशी संपेपर्यंत माझे निम्मे दात गेले होते.

आता २०१७ सालची गोष्ट. माझा नातू तेव्हा चार वर्षांचा. माझी सून मोरोक्कोच्या घरातली. मुलगी गुणाची, पण मराठी तिला येत नाही, आमचे बोलणे हिब्रूतच. ती रात्रपाळीला गेली की नातू माझ्याकडे झोपायचा. आई नाही म्हणून रडायचा. मग मी काय करी, कोमट दुधात चमचाभर मध घालून बाटली भरी आणि त्याच्या हातात देई. दोन मिनिटांत गप्प! सुनेने त्याची बाटली तिसऱ्या वर्षीच बंद केली होती. मला स्पष्ट सांगितलेही होते, "रात्री फक्त पाणी." मी "बेसेदेर, बेसेदेर" म्हणायची आणि बाटली ओट्याखालच्या कपाटात लपवायची. मनात म्हणे, दूध आणि मध, दोन्ही देवाने दिलेले. त्याने कुणाचे वाईट होईल का?

थोड्या महिन्यांनी त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीजवळ, खडूसारखी पांढरी रेघ दिसू लागली. मला वाटले दूध चिकटले असेल. मग ती रेघ पिवळी झाली, मग तपकिरी. एक दिवस सफरचंद खाताना तो ओरडला. सुनेने दिवा लावून तोंड पाहिले आणि घाबरलीच. कुपत होलिममध्ये तोर घेतला, बेर शेव्याला, लहान मुलांच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे.

इथे मी दुसरी चूक केली. दात घासायचा कंटाळा केला की मी त्याला सांगायची, "थांब, डॉक्टर मोठी सुई टोचेल!" त्यामुळे दवाखान्याच्या दारातच त्याने माझा पदर घट्ट धरला. खुर्चीवर बसवल्यावर ओठ असे मिटले की चमचाही आत जाईना. डॉक्टरीणबाईंनी जबरदस्ती केली नाही. पहिला प्रश्न विचारला, "याला सुईचं कोणी सांगितलं?" मी खाली बघत बसले.

त्यांची पद्धत मला फार आवडली. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मगच करायचे. छोटा आरसा त्याच्याच हातात दिला, त्याने माझ्या तोंडात बघितले. पाण्याची नळी त्याच्या बोटावर उडवून दाखवली. फिरणारा ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवला. मग तो स्वतःच "आ" करून बसला.

दात बघून त्यांनी सुनेला विचारले, "रात्री बाटली घेऊन झोपतो का?"

"नाही, कधीच नाही. एक वर्षापूर्वीच बंद केली."

डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. पुन्हा बघितले. म्हणाल्या, वरचे पुढचे दात असे किडतात ते बहुधा बाटलीनेच. खालच्या दातांवर जीभ असते, लाळही भरपूर असते, म्हणून ते वाचतात. झोपेत लाळ कमी होते, गोड तसेच दातांवर राहते, आणि तोंडातले जंतू ते गोड खाऊन आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात विरघळतो. "कारण कळलं नाही तर मी आज भरलेले दात पुन्हा किडतील," असे त्या म्हणाल्या.

सून रडवेली झाली. तिला वाटले आपल्याच हातून काही चुकले. माझ्या मनात आले, गप्प राहिलो तर कोणालाच कळणार नाही. पण त्या पोराचे दात? मी म्हटले, "अनी नोतेनेत लो." मीच देते त्याला. मध घालून.

सून माझ्याकडे बघतच राहिली. बोलली काही नाही. बेर शेव्यापासून दिमोनापर्यंत बसमध्येही नाही. पुढचे तीन आठवडे नातवाला माझ्याकडे रात्री पाठवले नाही, आपल्या आईकडे पाठवले. ते तीन आठवडे मला फार जड गेले. पण तिचा राग खोटा होता असे मी म्हणणार नाही.

दोन दाढा भरल्या, नाकाला हसवणारा वायू लावून. पोरगा खरेच हसत होता. पुढचा एक दात मात्र वाचवता आला नाही, काढावा लागला. तो त्याने डबीत घालून घरी आणला. त्याच्या गानमधली मुले म्हणतात की दातांची परी येते. मी त्याला सांगितले, आमच्या आळीत आम्ही दात कौलांवर फेकायचो, उंदराने नेऊन नवा द्यावा म्हणून. त्याने खिडकीतून वर पाहिले, आमच्या चार मजली इमारतीला कौल कुठले! शेवटी दात उशीखाली गेला. पुढे जवळजवळ तीन वर्षे तिथे फट राहिली. "सबा" म्हणायला गेला की "थबा" व्हायचे. सगळे हसत. मी हसत नसे.

मराठीत आपण दुधाचे दात म्हणतो, हिब्रूतही "शिनेय हलाव", म्हणजे दुधाचेच दात. नाव असे गोड, म्हणून आपण ते हलके समजतो. पण हे २० दात खालच्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. दुधाची दाढ वेळेआधी गेली की शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. शिवाय मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत त्याला त्याच दाढांनी चावायचे असते. आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यांत मागे एक नवी दाढ येते. त्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आपण तिलाही दुधाची समजतो. ती पक्की असते. ती गेली तर दुसरी येत नाही.

काय करायचे ते थोडक्यात लिहिते. पहिला दात आला की घासायला सुरुवात करावी, आणि बाळ एक वर्षाचे होईपर्यंत एकदा तरी डॉक्टरला दाखवावे. फ्लोराइडची पेस्ट घ्यावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. या देशात नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालणे २०१४ साली बंद झाले, म्हणून पेस्टला जास्तच महत्त्व आहे. दिवसातून दोनदा घासावे, आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने आपल्या हाताने घासून द्यावे. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. आणि डॉक्टरची भीती कधीही घालू नये.

पैशाचे कारणही आता उरले नाही. आमची मुले लहान होती तेव्हा दातांचा सगळा खर्च खिशातून होता. २०१० साली कायद्याने ८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दात आरोग्य योजनेत आले, वय वाढत वाढत २०१९ साली १८ वर्षांपर्यंत गेले. दात सरळ करायच्या तारा त्यात नाहीत, पण तपासणी आणि किडलेल्या दातांचे उपचार आहेत. आपल्या कुपत होलिममध्ये विचारा. २०१९ सालीच ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांनाही सवलत मिळाली.

त्या तीन आठवड्यांनंतर एका संध्याकाळी सून नातवाला घेऊन आली. हातात एक लहान ब्रश. माझ्या कवळीच्या पेल्याशेजारी तो ठेवला आणि म्हणाली, "हा इथे राहील." एवढेच. ओट्याखालची बाटली मी तिच्यासमोरच कचऱ्यात टाकली. नातू दोन रात्री रडला. तिसऱ्या रात्री मी त्याला अलिबागच्या समुद्राची गोष्ट सांगितली, तो झोपला. गोष्टीने दात किडत नाहीत!

मुलांनो, तो नातू आता बारा वर्षांचा आहे, बार मित्सवाची तयारी करतो आहे. मला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा नव्या कवळीसाठी तोच माझ्याबरोबर बेर शेव्याला आला. खुर्चीवर बसताना माझे पाय कापत होते. त्याने माझा हात धरला आणि डॉक्टरला म्हणाला, "आधी तिला सांगा, मग दाखवा, मग करा."

आता नव्याचा सण जवळ आला आहे. सफरचंद मधात बुडवून खा, चिकाचा हलवाही खा, जेवणाच्या ताटावर बसून पोटभर खा. मग उठा आणि दात घासा. आणि आजी-आजोबांनो, मध ताटातच राहू द्या, अंथरुणात नेऊ नका.

शाना तोवा!