पत्र्याची कोठी

रविवार रात्र, अकोला.

दर्यापूरकडे मोठीआईला भेटून आत्ताच आलो. तिनं पत्र्याची कोठी उघडून दाखवली. तळाशी दोन-तीन मुठी गहू. म्हणाली, "पहिले थैली घरी ये, डोयाले दिसे. आता पैसे येतेत म्हन्तेत, पन कोन्या महिन्याचे आले, मले समजत नाही बाप्पा."

तिचं रेशनकार्ड केशरी. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या राज्यातल्या 14 जिल्ह्यांत अमरावती, अकोला दोन्ही आहेत. 2015 पासून इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळे. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात द्यायचं ठरलं. पुढं त्याचे 170 झाले. रोख दिली की माणूस आपल्या मनानं खर्च करतो, असं समर्थन ऐकतो. मला ते पटत नाही. बाजारात भाव चढला की त्याच पैशात गहू कमी येतो. रेशनचे पाच किलो मात्र पाच किलोच असायचे.

शिवाय बँक गावात नाही. ऑटोनं जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि मशीनवर अंगठा उमटला नाही की परत फिरायचं. मोठीआईनं जन्मभर कापूस वेचला. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठा गुळगुळीत झालाय, रेषा दिसतच नाहीत.

सरकारनं एवढं तरी करावं. धान्य हवं की पैसे, हे प्रत्येक घराला विचारावं. आणि जे धान्य मागतील त्यांना धान्यच द्यावं.